लिंबाशिवाय लिंबाचा वास



आज आधी एक खेळ खेळू या. ताईला किंवा आईला मदतीला घ्या. चार पानं गोळा करा : तुळशीचं, पुदिन्याचं, लिंबाच्या झाडाचं आणि गवती चहाची एक पात. आता डोळ्यांवर रुमाल बांधा. ताई एकेक पान चुरगाळून नाकाशी धरेल, तुम्ही नाव सांगायचं. तुळस आणि पुदिना झटकन ओळखू येतात. खरी गंमत पुढे आहे. गवती चहाची पात नाकाशी आली, की दहांतले सात-आठ जण ओरडतात, "लिंबू!" आणि खुद्द लिंबाचं पान आलं, की विचारात पडतात!

गवती चहात लिंबू नाही, लिंबाच्या झाडाशी त्याचं दूरचंही नातं नाही. मग हा वास आला कुठून?

'अंगणातले सोबती' या आपल्या सदरात आज हा विषय घेण्याचं कारण म्हणजे कळंबहून आलेलं एक पत्र. सातवीतली एक वाचक मैत्रीण विचारते, "एका पुस्तकात लेमन बाम नावाच्या वनस्पतीबद्दल वाचलं. तिच्या पानांचा चहा प्याला की मन शांत होतं, झोप छान लागते, असं लिहिलं आहे. ती आपल्या यवतमाळ जिल्ह्यात मिळते का? आजीला झोप येत नाही, तिच्यासाठी हवी होती."

आजीची काळजी करणाऱ्या या नातीला आधी शाबासकी! आता उत्तर.

पाहुणी आणि घरची

लेमन बाम हे तुळस आणि पुदिन्याच्या कुळातलं छोटं झुडूप. तिचं शास्त्रीय नाव मेलिसा ऑफिसिनॅलिस. ग्रीक भाषेत मेलिसा म्हणजे मधमाशी. हिच्या छोट्या पांढऱ्या फुलांवर मधमाश्या तुटून पडतात, म्हणून हे नाव. माहेर म्हणाल तर भूमध्य समुद्राचा काठ, दक्षिण युरोप आणि इराणकडचा मुलूख. युनानी वैद्यकात तिला बादरंजबोया म्हणतात. त्या फारसी शब्दाचा अर्थ महाळुंगाच्या वासाची. महाळुंग म्हणजे लिंबाचाच जाडजूड भाऊ. म्हणजे इराणातल्या लोकांनाही हिच्यात लिंबूच सापडलं, बघा!

ही बाई थंड हवेची. आपल्याकडे मे महिन्यात पारा 45च्या आसपास जातो, तेव्हा माणसं कूलरपुढून हलत नाहीत, तिथे हिची काय कथा! सावलीत, कुंडीत, पाणी घालून घालून कुणी जगवलीच तर जगेल. पण उघड्या काळ्या मातीत आपसूक वाढणारी ती नाही.

मग निराश व्हायचं का? मुळीच नाही. तिच्या वासाचा सोबती आपल्या विहिरीजवळ, मोरीच्या पाण्यावर, परसात मजेत उभा आहे. तोच आपला गवती चहा.

या दोघांत एक रसायन सामाईक आहे. त्याचं नाव सिट्राल. लिंबाच्या सालीतही तेच थोडं असतं, म्हणून तिघांचा वास आपल्या नाकाला सारखा वाटतो. गवती चहाच्या तेलात तर निम्म्याहून जास्त सिट्रालच असतं. म्हणून तुमचं नाक चुकलं नव्हतं बरं का! त्याने बरोबर ओळखलं होतं, फक्त नाव दुसऱ्याचं सांगितलं.

पण वास सारखा म्हणजे वनस्पती सारखी नव्हे. हे तुम्हाला हातानेच तपासता येईल. पुदिन्याची काडी दोन बोटांत धरून फिरवा. ती गोल नाही, चौकोनी लागते. लेमन बामचीही तशीच. पानं समोरासमोर जोडीने येतात. गवती चहा मात्र गवतच. ज्वारी, ऊस आणि बांबू हे त्याचे भाऊबंद. पातीवरच्या शिरा वहीच्या रेघांसारख्या शेजारी शेजारी धावतात. आणि पातीची कड? उलटं बोट फिरवाल तर कापेल, जपून!

आजीची पात

आता माझीच एक गोष्ट सांगतो. मी तेव्हा सहावीत होतो. दारव्हा तालुक्यातलं आमचं गाव. भादव्याचे दिवस, शेतात कपाशी कमरेला लागलेली, गावभर चिखल. एका दुपारी मला अशी थंडी भरली, की दोन वाकळी पांघरूनही दात वाजत होते. मग अंग तापलं.

आजीने माझ्या थोरल्या भावाला हाक मारली, "जाय बाप्पा, विहिरीपासच्या चार-पाच पाती आण. जून पाहून आणजो." पाती आल्या. आजीने त्या धुतल्या, त्यांची गाठ बांधली, आल्याचा तुकडा ठेचला आणि गूळ घालून काढा केला. तो गरम गरम प्यालो. थोड्या वेळाने दरदरून घाम आला, ताप उतरला, मी झोपलो. दुसऱ्या दिवशी तर मी अंगणात गोट्या खेळत होतो! आजी शेजारणींना सांगत होती, "पाहा, माह्या काढ्यानं पोरगा उठला."

तिसऱ्या दिवशी, त्याच दुपारच्या वेळी, पुन्हा तीच थंडी, तोच ताप. पुन्हा काढा, पुन्हा घाम, पुन्हा बरं. पाचव्या दिवशी परत! आता मात्र मला उठून बसवेना. डोळे पिवळट दिसायला लागले. आमचे गुरुजी चौकशीला आले. त्यांनी दिवस मोजले आणि म्हणाले, "एक दिवसाआड, ठरल्या वेळी, थंडी वाजून ताप? अहो, हा हिवताप आहे. याचं रक्त तपासा आधी."

रक्त तपासलं. हिवतापच निघाला. गोळ्या सुरू झाल्या आणि मी खरोखरचा बरा झालो. शाळा बुडाली ती दहा दिवस.

तो घाम, ते उतरणं, मधला बरा दिवस, हे काढ्याचं काम नव्हतंच. हिवतापाचे जंतू आपल्या रक्तातल्या तांबड्या पेशींत वाढतात आणि त्या पेशी एकदम फुटतात तेव्हा थंडी-ताप येतो. नेहमीच्या एका प्रकारात हे साधारण 48 तासांनी होतं. मधल्या काळात ताप आपोआप उतरतो, घामही आपोआप येतो. शाबासकी मात्र काढ्याला मिळाली, आणि आत जंतू वाढत राहिले. आणखी उशीर झाला असता तर काय झालं असतं, याचा विचार आजही मला नकोसा वाटतो.

माझी आजी शाळेत गेली नव्हती. पण मी बरा झाल्यावर ती जे बोलली ते मी विसरलो नाही. म्हणाली, "पान पानाचं काम करते, गोळी गोळीचं. म्या पानाले गोळीचं काम सांगतलं, थे चुकलं." त्यानंतर तिने काढा करणं सोडलं नाही. पण ताप आला की आधी दवाखाना आणि मग काढा, असा घरात नियमच झाला.

मग पानाचं काम कोणतं?

पावसात भिजून आलात, नाक चोंदलं, घसा खवखवतोय, अशा वेळी गरम वाफाळता गवती चहा बरा वाटतो. वाफेने नाक मोकळं होतं, कोमट पाण्याने घशाला आराम पडतो, अंगात पाणी जातं. जेवण जड झालं, पोटात वारा धरला, तर आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या हा चहा देतात. साखर कमी आणि चहा पावडर नसेल, तर मुलांनाही चालतो.

प्रयोगशाळेत काचेच्या बशीत वाढवलेल्या जंतूंवर आणि बुरशीवर गवती चहाचं तेल टाकलं, तर अनेकांची वाढ थांबते, हेही खरं. पण काचेची बशी म्हणजे माणसाचं शरीर नव्हे. आणि चार पातींचा चहा म्हणजे बाटलीतलं तेल नव्हे.

आता कळंबच्या मैत्रिणीचा खरा प्रश्न, झोपेचा. लेमन बामवर माणसांत काही लहान लहान चाचण्या झाल्या आहेत. बेचैनी थोडी कमी होते, झोपेला थोडी मदत होते, असं त्यांतल्या काहींत दिसलं. म्हणजे 'थोडं' खरं, 'जादू' नाही. गवती चहाचं काय? ब्राझील देशातही गवती चहा शांत झोपेसाठी पितात. तिथल्या संशोधकांनी 1986 साली आपली तपासणी प्रसिद्ध केली. काही लोकांना खरा गवती चहा दिला आणि काही वेळा दिसायला तसाच, पण दुसऱ्याच पानांचा. झोपेत फरक पडला का? नाही. अपाय झाला का? तोही नाही.

म्हणून, मैत्रिणी, आजीला रात्री गवती चहा जरूर करून दे. त्यात साधी चहा पावडर घालू नकोस, कारण तीच झोप उडवते. चहा घेऊन दहा मिनिटं आजीजवळ बैस, तिच्याशी गप्पा मार. आणि रोजच झोप येत नसेल तर बाबांना सांग, आजीला डॉक्टरांकडे न्यायला हवं. म्हातारपणी झोप उडण्यामागे दुखणं असू शकतं, औषधांचा परिणाम असू शकतो, मनातली चिंताही असू शकते. त्याचा शोध पान घेणार नाही.

झाकणाखालचा थेंब

चहा कसा करायचा? चार कप पाण्याला चार-पाच पाती पुरतात. पाती स्वच्छ धुवा, गाठ बांधा म्हणजे गाळायला सोपं. पाण्याला आधण आलं की पाती आणि ठेचलेलं आलं टाका, झाकण ठेवा, पाच मिनिटांनी गॅस बंद करा. गूळ घालायचा असेल तर मग घाला. हे मोठ्या माणसाला सोबत घेऊनच करायचं!

झाकण का ठेवायचं? चहा झाल्यावर झाकण उलटं करून त्यावरचे थेंब हुंगा. लिंबाचा वास येईल. पातीतलं तेल वाफेबरोबर उडून वर गेलं आणि झाकणाला लागून परत थेंब झालं. झाकण नसतं तर सगळा वास स्वयंपाकघरात आणि चहात नुसतं पिवळं पाणी!

या झाकणावरच्या थेंबाचाच एक मोठा व्यापार विदर्भात आणि खानदेशात चालत आला आहे. आपल्या माळरानांवर आणि विरळ जंगलांत गवती चहाचा एक चुलतभाऊ आपसूक उगवतो. आपण त्याला तिखाडी म्हणतो, कुणी रोशा गवत म्हणतात. पावसाळा संपता संपता ते तांबूस होतं आणि हातावर चोळलं तर गुलाबासारखा वास येतो. हे गवत भट्टीच्या मोठ्या भांड्यात भरतात, त्यातून वाफ सोडतात. ती वाफ थंड पाण्यात बुडवलेल्या नळीतून जाते. दुसऱ्या टोकाला पाणी गळतं आणि त्यावर तेल तरंगतं. शंभर किलो गवतातून निघतं ते जेमतेम अर्धा किलो तेल!

एकोणिसाव्या शतकात हे तेल मुंबईच्या बंदरातून इजिप्त आणि तुर्कस्तानला जायचं. तिथून ते बल्गेरियात पोचायचं आणि तिथल्या महागड्या गुलाबाच्या अत्तरात गुपचूप मिसळलं जायचं. युरोपात कुणी तरी मोठ्या ऐटीने गुलाबाचं अत्तर लावायचं आणि त्यात निम्मं आपल्याकडचं माळरान असायचं! खऱ्या लेमन बामच्या तेलाचंही तेच झालं. ते फार थोडं निघतं, म्हणून फार महाग. मग त्यात गवती चहाचं तेल मिसळून विकणारे निघाले. वास सारखा, वस्तू वेगळी. आजही 'शुद्ध' असं लिहिलेली स्वस्त बाटली दिसली, तर ही गोष्ट आठवा.

तिखाडीच्या शास्त्रीय नावात 'मार्टिनी' हा शब्द आहे. ईस्ट इंडिया कंपनीच्या सैन्यातल्या क्लॉड मार्टिन नावाच्या फ्रेंच अधिकाऱ्याचं हे नाव. टिपू सुलतानाशी झालेल्या लढाईच्या वेळी, 1790 ते 1792 या काळात, तो दक्षिणेत होता. तिथे त्याने पाहिलं, की गुरं हे गवत आवडीने खातात आणि मग त्यांच्या दुधा-लोण्यालाही त्याचा वास येतो. त्याने बी गोळा करून लखनौला नेऊन पेरलं. तुमच्या घरी माळावर चरणारी गाय असेल, तर पावसाळ्याच्या शेवटी दूध जरा हुंगून बघा!

आणि मधमाशी आठवते ना? युरोपातली पाळीव मधमाशी आपल्या सोबतिणींना बोलावण्यासाठी अंगातून एक गंध सोडते. त्या गंधात लेमन बाम आणि गवती चहातलं सिट्राल असतं, शिवाय तिखाडीत भरपूर सापडणारं जिरॅनिऑलही असतं. म्हणून माशांचं मोहोळ पेटीत यावं यासाठी मधपाळ गवती चहाच्या तेलाचा एखादा थेंब पेटीला लावतात. आपल्याला लिंबू वाटतं, माशीला घर!

परसात लावू या

गवती चहाला आपल्याकडे फुलं क्वचितच येतात, म्हणून बी शोधत बसू नका. जून-जुलैत शेजाऱ्यांच्या ठोंबातून मुळासकट दोन-तीन फुटवे मागून आणा. वरच्या पाती कापून वीतभर ठेवा आणि लावा. आपल्या काळ्या मातीत पावसाचं पाणी साचतं आणि मुळं सडतात, म्हणून मातीचा उंचवटा करून त्यावर लावा. दोन ठोंबांत दोन फूट अंतर ठेवा. पाती तोडताना जमिनीपासून चार बोटं वरून विळ्याने कापा. हे काम मोठ्यांचं. दाट ठोंबात हात घालण्याआधी काठीने हलवून बघा, पावसाळ्यात आत कुणी पाहुणा बसलेला असू शकतो. अंगणात ठोंब आहे म्हणून डास येणार नाहीत, असंही समजू नका. मच्छरदाणी हवीच.

आणि आता सगळ्यांत महत्त्वाचं. शेताच्या धुऱ्यावरची पात चहाला आणायची नाही! जुलै ते ऑक्टोबर कपाशीवर फवारणी चालू असते. वाऱ्याने ते औषध धुऱ्यावरच्या गवतावर बसतं आणि नुसत्या धुण्याने सगळं जातंच असं नाही. 2017 साली आपल्याच जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसच्या आसपास शेतकरी-शेतमजुरांचे प्राण गेले आणि शेकडो जणांना दवाखान्यात ठेवावं लागलं. ते विष पोटात जायला कपच लागतो असं नाही, श्वास आणि कातडीही पुरते. म्हणून चहाची पात घराजवळचीच. आणि बाबा फवारून आले, की आधी आंघोळ, कपडे वेगळे, मग चहा. तो चहा तुम्ही करा.

पालकांसाठी चार शब्द. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला आईच्या दुधाशिवाय काही नको, कोणताही काढा नको. गरोदर बाईने आणि नेहमीची औषधं चालू असणाऱ्यांनी काढे, अर्क डॉक्टरांना विचारूनच घ्यावेत. बाटलीतलं सुगंधी तेल कुणीही पिऊ नये. पावसाळ्यात ताप आला तर रक्त तपासून घ्या. हिवतापाची तपासणी सरकारी आरोग्य केंद्रात मोफत होते, गावातल्या आशाताईंकडेही बोटातल्या थेंबावर ती होऊ शकते. डेंग्यूची शंका असेल तर मनाने अंगदुखीच्या गोळ्या देऊ नका. पोटात जोरात दुखणं, सारख्या उलट्या, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त, गुंगी, यांतलं काही दिसलं तर त्याच घटकेला दवाखाना गाठा. चहा परत आल्यावर.

मित्रांनो, आता तुमची पाळी. तुमच्या गावात गवती चहाला काय म्हणतात? तिखाडी कुठे उगवते? आजी-आजोबांना विचारा आणि वहीत लिहा. प्रत्येक पानापुढे दोन रकाने आखा : 'हे पान काय करतं' आणि 'हे पान काय करत नाही'. पहिला रकाना लवकर भरेल. दुसरा भरायला जास्त विचारावं लागेल, पण तोच जास्त उपयोगी पडेल.

पुढच्या आठवड्यात भेटू. तोपर्यंत झाकण ठेवायला विसरू नका!